लांडग्याचा जवाब

त्या म्हाताऱ्याचं नाव मी विचारलं नाही. तेव्हा मला माणसांपेक्षा पत्रकाची घाई होती. शिकारबंदीचा कायदा झाला, तरी जीपवाले बडे लोक माळावर लांडगे मारतच होते. त्यांची लाज काढणारं पत्रक काढायचं आणि त्यात जिवंत लांडग्याचा फोटो छापायचा, म्हणून उसना कॅमेरा घेऊन मी माळाकडेच्या गोरेगाव नावाच्या खेड्यात उतरलो. कोणत्या माळावर जायचं, एवढंच ठरायचं होतं.

लोकांनी एका म्हाताऱ्या मेंढपाळाकडं बोट दाखवलं. दिवस मावळताना तो मला गावाबाहेर घेऊन गेला. त्यानं मुंडासं कानावरून सारलं, तळहात तोंडाशी धरले आणि त्याच्या गळ्यातून लांडगा ओरडला. त्याची स्वतःची मेंढरं जागीच थिजली. तीन दिशांना तोंड करून ओरडला, तर नुसता वारा. चौथ्यांदा उगवतीकडून लांबलचक जवाब आला.

"फोटोखाली गावाचं नाव टाकनार?" त्यानं विचारलं.

"टाकणारच. नाहीतर कोण विश्वास ठेवतो?"

"मंग तुमी मावळतीकडं जा."

"पण जवाब तर तिकडून आला!"

"व्हय, म्हून तर. जीपवाल्यायलाबी वाचता येतं, लेकरा."

"तुमचीच मेंढरं खातो ना तो?"

"खातो. पर आत्ता तो माझ्या भरवशावर बोलून राहिला."

मी चिडून मावळतीकडं चालू लागलो. मागून लांडग्याचा तोच आवाज पुन्हा आला, आता बराच जवळून, काही विचारल्यासारखा. म्हाताऱ्यानं जवाब दिला नाही. मीही वळून पाहिलं नाही.

पत्रकात फोटोची जागा मी कोरी सोडली.