देसले सरांची सही

जो माणूस कमी बोलतो त्याचे किस्से जास्त होतात, हे मी देसले सरांमुळे शिकलो. ऐंशीच्या दशकात जळगावच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते शिकवायला आले, तेव्हा मी मेकॅनिकलच्या लॅबला असिस्टंट होतो. आजही आम्ही जुने चार जण भेटलो की चहा यायच्या आत सरांचा विषय निघतो. हसायला म्हणून सुरू करतो आणि मग कुणीच हसत नाही.

*

सर आधी दक्षिणेत रॉकेटच्या इंजिनांवर काम करायचे. एवढा मोठा माणूस जळगावात का आला, याच्या आमच्याकडे दहा अफवा होत्या. सरांनी पहिल्याच तासाला सगळ्या बंद केल्या.

म्हणाले, “टेस्टच्या आधी व्हॉल्व्ह तपासून फॉर्मवर सही करायची असते. मी घाईत न बघता सही केली. सेल्वम नावाचा टेक्निशियन भाजून मेला. चौकशीत कुणीच दोषी ठरलं नाही. मग मी राजीनामा दिला.”

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “सर, हे परीक्षेला आहे का?”

“आहे,” सर म्हणाले. “फक्त तारीख सांगत नाहीत.”

*

आमच्याकडे सीनियरच्या जर्नलवरून रीडिंग उतरवायची जुनी परंपरा. एके वर्षी विंड टनेलच्या प्रयोगाचं प्रत्येक जर्नल सुंदर, आलेख तर बघत राहावेत असे! अडचण एवढीच, की टनेलच्या फॅनची मोटर दोन महिने जळून पडली होती.

सरांनी विचारलं, “फॅन बंद होता. मग वारा कुठून आला?”

एक हुशार म्हणाला, “सर, खान्देशचा मे महिना! वारा असतोच!”

मी खो खो हसलो. सरांनी एकाही जर्नलवर सही केली नाही. परीक्षा तोंडावर. हेड ओरडले, पालक आले, एक आई तर लॅबच्या दारातच रडली. सर एकच म्हणत राहिले, “मोटर दुरुस्त करा, रीडिंग घ्या, मी शेजारी उभा राहतो.”

शेवटी मोटर रिवाइंड करून आणली आणि सगळ्या वर्गाने उन्हाळ्यात परत रीडिंग घेतली. सर रोज सकाळपासून उभे. त्यांच्या पायांना सूज आलेली मी पाहिली, पण खुर्ची आणून द्यायचं काही मला सुचलं नाही.

*

सरांचं गाव धरणगावकडचं, घरी त्यांना नाना म्हणत. थोरले भाऊ, आबा, तिथे सरपंच. पाण्याची नवी टाकी झाली, तेव्हा आबांना वाटलं की घरचाच एवढा मोठा इंजिनिअर आहे, कागदावर त्याचीही सही असू द्यावी. मांडव, हार, पेढे, सगळी तयारी. सर हातोडी घेऊन टाकीवर चढले, तासभर ठोकून पाहिलं, खाली आले आणि म्हणाले, “मी सही करणार नाही.”

आबा भडकले. “नाना, हाई टाकी शे, रॉकेट नही! बठ्ठा गावम्हा मन्हं नाक कापं तू!”

आता तुम्हाला वाटेल की टाकी पडली असेल. छे! टाकी ठणठणीत उभी राहिली. सर गावी गेले की पोरंसोरं ओरडायची, “उभी शे हो नाना!” सर म्हणायचे, “बरं आहे.” पण टाकीला वळसा घालूनच जायचे.

भाऊ मात्र दोन वर्षं बोलले नाहीत. आई गेली, तेव्हाही दोघे अंगणाच्या दोन टोकांना उभे होते. ते दृश्य मला अजून आवडत नाही.

*

घरीही तेच. रोज सकाळी गॅसच्या नळीला साबणाचा फेस लावून बघायचा, बुडबुडा येत नाही अशी खात्री झाली की मगच काडी पेटायची. सरांची बायको, आमच्या काकू, एकदा मला म्हणाल्या, “भाऊ, तो सेल्वम आमच्याकडेच राहतो. फक्त जेवत नाही.”

*

नव्वदनंतर सरांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हाताने पाटीवर चार शब्द लिहायचे, तेवढंच.

एके दुपारी मी सरांच्या घरी बसलेलो असताना एक बाई आली, सोबत तिचा भाऊ. सेल्वमची बायको! भाऊ रेल्वेत होता. त्याला हिंदी बोलता यायचं, वाचता नाही. त्याने पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढला. सर दर वर्षी तिला एक पत्र लिहीत होते, आणि तेही मराठीत! इंग्रजीत त्यांनी चौकशीला उत्तरं दिली होती. पुन्हा त्या भाषेत लिहावंसं वाटलं नसेल. तिच्या गावात कुणालाच ती वाचता आली नाहीत. यंदा पत्र आलं नाही, म्हणून पाकिटामागचा पत्ता लोकांना दाखवत ती शोधत आली होती.

मी वाचून हिंदीत सांगू लागलो. प्रत्येक पत्रात तेच. ‘त्या सकाळी व्हॉल्व्ह मी बघितला नव्हता. माफी मागत नाही, फक्त कळवतो.’

तिसऱ्या पत्राला बाईने हात वर केला. ती बोलत गेली आणि भाऊ सांगत गेला. “दीदी बोलती है, व्हॉल्व टपकता है ये जीजा को मालूम था. घर पे बोला था. टेस्ट रुकेगा, सब डाँटेंगे, इसलिए ऊपर नहीं बताया. साहब पूछते तो दीदी पहले साल ही बोल देती.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. सरांनी पाटी मागितली. बराच वेळ लावून, वाकड्या अक्षरांत त्यांनी लिहिलं, ‘बघायचं काम माझं होतं.’

“क्या लिखा साहब ने?” भावाने विचारलं. बाई माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, “लिखते हैं, आज मन हलका हो गया.”

सरांना हिंदी चांगली समजायची. ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डाव्या हाताने पाटी हळूच पालथी घातली.