वसमतचा माणूस

"म्या चुकलो? भीमसिंगभाऊ, आधी तुमी सांगा, तुमी एक्का काहून टाकला?"

"एक्का टाकला म्हणून तर हात आपला झाला, जलालभाई. त्याच्यावर तुमी बदामाची दश्शी काहून फेकली, ते इचारून राहिलो म्या."

"हात आपलाच व्हता ना? मंग दश्शी घरातच आली की."

"घरात येऊन काय करती? भाकरी थापती?"

हट्ट्याच्या बाजारपट्टीत जलालुद्दीनचं पाण्याच्या जळक्या मोटारी नव्या तारेनं बांधायचं दुकान हाय. तिथं दुपारी हे भांडण ठरलेलं. शेतीची इजेची लाईन आली की मोटारी जळतात आन् लाईन गेली की जलालभाई मोकळा. मंग स्टुलावर स्टार्टरचा खोका पालथा घालून चौघं ब्रिज खेळतात. जलालभाईच्या समोर त्याचा पार्टनर भीमसिंग, आन् त्यांच्याविरुद्ध शेजारचा चहावाला कलीम आन् पोस्टातले रतनसिंग.

हट्ट्यात ब्रिज कुठून आला, असं इचाराल तर भीमसिंगनं आणला. तो सिद्धेश्वर धरणावर पाटकरी व्हता. वसाहतीतल्या साहेब लोकांना चौथा गडी कमी पडायचा. कालव्याचं पाणी सोडून आलेल्या भीमसिंगला त्यांनी बसवला, आन् साहेब बदलून गेले तरी भीमसिंगचा ब्रिज काही गेला न्हाई.

आता आमच्याकडं पोरगं चालाया शिकायच्या आधी मेंढीकोट शिकतं. त्या खेळात दश्शीला मान. ज्याच्या घरी दश्श्या जास्त, तो जिकला. म्हणून गड्याचा एक्का पडला की त्याच्यावर आपली दश्शी टाकून ती घरात आणायची, ही आमची शिकवण. ब्रिजमध्ये दश्शीला कुत्रं इचारत न्हाई. तिथं आधी बोली लावायची, की तेरातले इतके हात आमी घेऊ, आन् मंग तितके घेऊन दाखवायचे. बोलीसाठी एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. दश्शीचे शून्य. जलालभाईला हे अकरा वर्षांपास्नं पाठ हाय. पण हातात दश्शी आली की त्याचा चेहरा लग्नातल्या व्याह्यासारखा व्हतो, आन् शेजारी कलीम बसलेला असतो, तो काय आंधळा न्हाई.

ह्या माणसाच्या हाताला मात्र नाव ठिवायची सोय न्हाई. तांब्याच्या तारेचे बासष्ट वेढे म्हणलं की बासष्ट. मधी तुमी त्याला बायकोची खुशाली इचारा, तो सांगंल, आन् पुन्हा त्रेचाळिसावर येईल. पण हाच माणूस पत्ते धरून बसला की हुकमाची किती पानं उतरली हे त्याला सातव्या हातानंतर कुणी इचारू नये. लई तकलीफ व्हती त्याला.

बँकेत बदलून आलेल्या करुणा इंगोले मॅडम चहाला येऊ लागल्या तवा हे सगळं त्यांच्या नजरेस पडलं. मॅडम नागपूरला शिकताना ब्रिज शिकलेल्या. पंधरा दिवस त्या नुसत्या बघत बसल्या, आन् मंग त्यांनी एक गोष्ट सांगितली. खेळ सुधारायचा असंल तर प्रत्येक डाव झाल्यावर लिहून ठिवा, चूक कुठं झाली ते लिहा, आन् महिन्यानं वाचा.

जलालभाईनं त्याच सांजंला दोनशे पानी वही आणली. महिनाभर लिहिली. महिन्याच्या शेवटी वहीत एकेचाळीस चुका निघाल्या. त्यातल्या तेहेतीस भीमसिंगच्या, पाच नव्या कॅटच्या गुळगुळीत पानांच्या, दोन कलीमच्या पाणचट चहाच्या आन् एक महावितरणची. जलालभाईचं नाव वहीच्या पुठ्ठ्यावर व्हतं, तेवढंच.

भीमसिंगनं ती वही वाचली, मॅडमला दाखवली, आन् शांतपणे दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं. हिंगोलीला पुढल्या रविवारी जोड्यांचे सामने हायत. दोनदा जलालभाईसंगं गेलो, दोनदा शेवटचा नंबर आला. ह्या साली मॅडमला घेऊन जाणार.

जलालभाईचा चेहरा उतरला. सगळ्या बाजारपट्टीला त्यानं सांगून ठिवलं व्हतं. सामन्यासाठी सफारी शिवायला टाकली व्हती, तिचं माप पण देऊन झालं व्हतं. तो मॅडमकडं गेला न्हाई, भीमसिंगकडं गेला न्हाई, सगळ्यांच्या देखत म्हणला की माझी परीक्षा घ्या. कागदावर घ्या. नापास झालो तर पत्त्याला हात लावणार न्हाई.

मॅडम म्हणाल्या, घेऊ. बारा डाव देते. दहा बरोबर आले तर भीमसिंगकाकांसंगं तुमीच जा. भीमसिंगनं मान हलवली.

शुक्रवारी मॅडम कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, वसमतचा एक माणूस हाय, त्यानं खेळलेले हे डाव. तो कुठं चुकला, तेवढं सांगायचं.

दुसऱ्याची चूक काढायची म्हणल्यावर जलालभाईची तब्येत खुलली. चष्मा पुसला, मांडी घातली. पहिला डाव वाचून दोन मिनिटात निकाल. दुसऱ्याला तर तेवढीही गरज लागली न्हाई. तिसऱ्याला तो हसायलाच लागला.

"बारा गुण लागतात, आन् नऊवर बोली उघडली ह्यानं. तीन दश्श्या दिसल्या आन् डोकं फिरलं गड्याचं. दश्शीचे गुण धरले ना ह्यानं, बराबर?"

मॅडमनी बरोबरची खूण केली.

पुढं पुढं तो सुटलाच. सातव्या डावात पार्टनरनं ठरल्या बोलीनं एक्के किती ते इचारलेलं, तर वसमतच्या माणसानं गुमान पास म्हणलेलं. जलालभाईनं कागद सगळ्यांना दाखवला. नवव्या डावाला त्यानं आवाज उतरवला, मयतीच्या घरी बोलल्यागत.

"पार्टनरच्या एक्क्यावर दश्शी फेकली. आरं, धरून ठिवली असती तर शेवटी बसल्या जागी एक हात आला असता. ह्याला काही समजतच न्हाई. पार्टनर कोण व्हता ह्याचा? त्याला जन्नत मिळंल."

भीमसिंगला ठसका लागला. कलीमनं त्याला पाणी दिलं.

बारापैकी बारा. मॅडमनी शेवटची खूण केली, कागद उलटे केले आन् जलालभाईच्या पुढ्यात ठिवले. मागं प्रत्येक डावाची तारीख लिहिलेली व्हती. फक्त बदामाच्या जागी इस्पिक, चौकटच्या जागी किलवर, असे रंग बदलले व्हते.

"तुमची वही काढता का जरा?" मॅडम म्हणाल्या.

जलालभाईनं वही काढली. चौदा तारीख. डाव तोच. पुढं त्याच्याच अक्षरात, चूक : भीमसिंग. सतरा तारीख, चूक : भीमसिंग. एकवीस तारीख, चूक : कॅट. तो चार-पाच तारखांपतोर गेला, पुढली पानं त्यानं उलटली न्हाईत. कलीम पुसलेलाच कप पुन्हा पुसू लागला.

जलालभाईनं वही मिटली. चष्मा काढला. खाकरला.

"बारापैकी बारा झाले ना?"

"झाले," मॅडम म्हणाल्या.

"मंग ठरल्याप्रमाणं म्याच जाणार."

आता ह्या माणसाला काय म्हणावं. पण बोली तर बोली, ब्रिजमध्ये ती फिरत न्हाई. भीमसिंगनं मॅडमकडं पाह्यलं, मॅडमनी खांदे उडवले. भीमसिंग उठला, टोपी नीट केली.

"चला तुमी, जलालभाई. वसमतच्या माणसाला तेवढं घरी ठिवून या."

तेवढ्यात लाईन आली. पंखा फिरला, खोक्यावरची पानं उडाली. जलालभाई पानं गोळा करूनच राहिला व्हता, तर रातच्या लाईनीचा एक बळी दारात. बाबूसिंग फटफटीवर पाणबुडी मोटार बांधून आला व्हता. दोर सोडता सोडता जळाल्याचा वास दुकानभर झाला.

"दोन महिन्यात दुसऱ्यांदा जळाली," बाबूसिंग म्हणला. "कशानं ते तरी सांगा."

अशा वेळी जलालभाईचं उत्तर तयार असतं. व्होल्टेज. कुणाचीही मोटार असू द्या, व्होल्टेज. त्यानं तोंड उघडलं पण. तेवढ्यात मोटारीचं झाकण निघालं, आन् आत त्याच्याच हातानं रंगात लिहिलेली, मोटार बांधल्याची तारीख दिसली. तार लोखंडाला लागू नये म्हणून खाचेत घातलेला कागद बांधतानाच एका जागी कापल्यागत सरकलेला व्हता आन् तार तिथंच काळी पडली व्हती. करुणा मॅडम अजून चहा पीत उभ्या व्हत्या.

जलालभाईनं सगळ्यांकडं पाठ केली, छिन्नी घेतली आन् जळकी तार तोडाया लागला.

"व्होल्टेज," तो म्हणला. पण इतक्या हळू, की बाबूसिंगला ऐकूच गेलं न्हाई.

मंग त्यानं नवा कागद कापला, खाचेत दोनदा बसवून पाह्यला, तारेचं टोक सोडवलं आन् मोजू लागला. एक, दोन, तीन.