खळबाईंचे चाळीस मासे

शाळेतल्या पोरांनी त्यांना खळबाई म्हणायला कधी सुरुवात केली हे कोणालाच सांगता यायचं नाही, पण का केली हे सांगायला नाक पुरे होतं. दर सोमवारी सकाळी चित्रकलेच्या खोलीतल्या छोट्या शेगडीवर बाई मैदा आणि पाणी घोटत बसायच्या, त्यात चिमूटभर तुरटी टाकायच्या, आणि आठवडाभर पुरेल एवढी खळ करून ठेवायच्या. विकतचा डिंक त्यांना चालत नसे. तो लगेच चिकटतो, आणि लगेच चिकटलं की पोराला विचार बदलता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. खळीचं तसं नाही. ती दहा मिनिटं तरी तुमचं ऐकून घेते.

खोली म्हणजे मूळची जिन्याखालची अडगळ. तिला एक खिडकी होती आणि एक कपाट होतं, ज्याचं दार गुडघ्याने दाबल्याशिवाय लागत नसे. कपाटात बाटल्यांची झाकणं, रिकाम्या काड्यापेट्या, सुतळीचे गुंडे, जुनी कॅलेंडरं, शिंप्याकडच्या चिंध्या आणि पेन्सिलींची सालपटं. सालपटंसुद्धा रंगांप्रमाणे वेगळी करून डब्यांत भरलेली. शिक्षकांच्या खोलीत चेष्टा चालायची की भंगारवाला यांच्या खोलीत शिरला तर हातातलं पोतं ठेवून निघून जाईल. बाई स्वतःच त्यावर सगळ्यात मोठ्याने हसायच्या आणि हसता हसता कोणाच्या तरी बिस्किटांच्या पुड्याचा चकचकीत कागद उचलून पर्समध्ये टाकायच्या. घरी त्यांच्या यजमानांना खोकल्याचं औषध निवांत संपवता येत नसे. अर्धी बाटली बाकी असतानाच झाकण कधी मोकळं होणार याची चौकशी सुरू व्हायची.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. चौतीस वर्षं चित्रकला शिकवणाऱ्या या बाईंनी पोरांसमोर कधी चित्र काढलं नव्हतं. फळ्यावर नाही, कागदावर नाही, साधा आंबासुद्धा नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एका मुलीच्या घोड्याचा वाकडा पाय खोडून सरळ करून दिला होता. पाय फार सुंदर झाला. पुढच्या तासाला त्या मुलीने कोरा कागद आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, तुम्हीच काढा ना बाई, तुमचं चांगलं येतं. बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. त्या दिवसापासून त्या वर्गात हात मागे बांधून हिंडायच्या. बोलायच्या पुष्कळ, विचारायच्या त्याहून पुष्कळ, पण पोराच्या कागदाला बोट लावायच्या नाहीत. त्यामुळे शाळेत अर्ध्या लोकांची समजूत अशी होती की बाईंना चित्र काढताच येत नसावं, आणि बाईंनी ती समजूत कधी खोडून काढली नाही.

बाई निवृत्त व्हायला दोन महिने उरले तेव्हा वरच्या कार्यालयातून पत्र आलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना पत्रं लिहायला वेळ पुष्कळ असतो. चित्रकलेला नवीन शिक्षक मिळणार नाही, असं पत्रात होतं. कोणी तरी दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाने हा तास घ्यावा, आणि त्यासाठी बाईंनी जाण्यापूर्वी उपक्रमांची पुस्तिका करून द्यावी. पुस्तिका ठरलेल्या तारखेला आली नाही, तर तास गणिताला जाईल. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, पत्र वाचून दाखवलं आणि चष्मा काढून पुसत बसल्या. त्या वाईट नव्हत्या. मुलं गणितात मागे पडत होती हे काही खोटं नव्हतं.

खळबाईंना स्वतःच्या निवृत्तीचं काही वाटत नव्हतं, पण तास जाणार म्हटल्यावर त्यांनी ते पत्र मागून घेतलं. घरी आल्या आणि यजमानांपुढे पत्र ठेवलं.

यजमान न्यायालयातले निवृत्त टंकलेखक. पस्तीस वर्षं त्यांनी इतरांची भांडणं स्वल्पविरामासकट टाइप केली होती. त्यांनी टाइपरायटरवरचं फडकं काढलं आणि दुसऱ्याच दिवशी काम सुरू झालं. पण बाईंच्या सांगण्याने त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. खळ किती घ्यायची, तर बोटाला हवीशी वाटेल एवढी. रंग किती पातळ, तर उदास दिसणार नाही इतका. यजमान बोटं उचलून थांबायचे. हवीशी म्हणजे किती चमचे, आणि चमचा चहाचा की वाढायचा? असं लिहिलं तर समोरचा वकील कपडे फाडील, असं ते म्हणायचे. हळूहळू बाईही चमच्यांत बोलायला लागल्या. पहिली पायरी, दुसरी पायरी, तिसरी पायरी. मग यजमानांनी आणखी एक सुचवलं. शेवटी काय दिसायला हवं तेही दाखव, नाहीतर वाचणाऱ्याला आपण कुठे पोचायचंय ते कळणार कसं? प्रत्येक उपक्रमाला एक नमुना काढ.

बाईंनी दोन दिवस आढेवेढे घेतले. तिसऱ्या दिवशी त्यांनी चांगला जाड कागद आणला.

बावीस उपक्रमांचे बावीस नमुने त्यांनी तीन आठवड्यांत काढले. त्या दिवसांत त्या भाजी फोडणीला टाकून विसरायच्या आणि यजमान तक्रार न करता करपलेलं खायचे, कारण बायकोचा असा चेहरा त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर पाहिला नव्हता. सगळ्यात सुरेख झाला तो मेणखडूचा मासा. कागदावर मेणखडूने मासा काढायचा आणि वरून पातळ निळा रंग फिरवायचा. मेणावर पाणी ठरत नाही, त्यामुळे मासा खरोखर पाण्यात असल्यासारखा दिसतो. बाईंच्या माशाचं तोंड किंचित उघडं होतं, एकेक खवला मोजून मांडलेला, तोंडातून तीन बुडबुडे निघालेले, लहान, मधला, मोठा. खाली कोपऱ्यात त्यांनी बारीक सही केली. सही करण्यासारखं त्यांनी इतक्या वर्षांत काही काढलंच नव्हतं.

पुस्तिकेची कच्ची प्रत मोठ्या बाईंना फार आवडली. आपल्याच शाळेत एकदा वापरून बघू आणि सोमवारी वर पाठवू, असं ठरलं. तास घेणार होती भाषा शिकवणारी नवी बाई. नोकरीला लागून तिला दोनच वर्षं झाली होती, आणि सांगितलेलं काम सांगितल्याबरहुकूम करण्याची तिला धास्तीच असायची. तिने सगळ्या पायऱ्या पाठ केल्या, माशाचा नमुना फळ्यावर चिकटवला, आणि तास झाल्यावर चाळीसच्या चाळीस चित्रं व्हरांड्यात ओळीने लावली.

खळबाई मधल्या सुट्टीत बघायला गेल्या आणि पहिल्या चित्राशीच थांबल्या. मग दुसरं बघितलं, मग भराभर शेवटपर्यंत गेल्या. चाळीस मासे. सगळ्यांची तोंडं डावीकडे, सगळी किंचित उघडी. प्रत्येकासमोर तीन बुडबुडे, लहान, मधला, मोठा. एका पोराने तर कोपऱ्यातली बाईंची सहीसुद्धा इमानदारीने उतरवली होती.

नवी बाई शेजारी येऊन उभी राहिली. कौतुकाची वाट बघत होती बिचारी. मोठ्या बाई आल्या आणि मनापासून म्हणाल्या की इतकं नीटनेटकं काम त्यांनी या व्हरांड्यात कधी पाहिलं नव्हतं, कोणाचंच चित्र वाईट नाही. खळबाईंनी नव्या बाईच्या पाठीवरून हात फिरवला, छान झालंय म्हणाल्या, आणि जिन्याखाली जाऊन दार लावून बसल्या. तिचा काय दोष? दिलं तसं तिने केलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दाद मागायची कुणाकडे?

संध्याकाळी त्यांनी यजमानांना सांगितलं तेव्हा ते आधी दुखावले. चौसष्ट पानं टाइप केली होती, एकही खाडाखोड नाही.

"अहो, तुमचं काही चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "नमुने मीच काढले. ते मुलांसाठी नव्हतेच. मला येतं, हे एकदा लोकांना दिसावं असं वाटलं मला. म्हातारपणी ही हौस."

यजमानांनी चौसष्ट पानांचा गठ्ठा बाजूला सरकवला. मग त्यांनी नवा कागद यंत्रात सरकवला आणि म्हणाले, सांग.

शनिवार, रविवार मिळून त्यांनी पुस्तिका पुन्हा लिहिली. बावीस नमुने काढून टाकले. बाईंनी ते एकेक करून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळले, आणि माशापाशी त्यांचा हात अडला, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांना फार वाईट वाटलं. साहित्य आणि कृती ठेवली, पण नमुन्याच्या जागी आता प्रश्न आले. माशाच्या पानावर होतं: मुलांना विचारा, तुमचा मासा कुठे चाललाय? पाणी खोल आहे की उथळ? त्याला कोणी बोलावलंय, की तो पळून चाललाय? आणि शेवटी होतं: मग गप्प बसा. यजमानांनी इथे बोटं उचलली आणि विचारलं, किती मिनिटं? बाई म्हणाल्या, तास संपेपर्यंत. यजमान म्हणाले, हे कोणाला जमायचं नाही. पण त्यांनी टाइप केलं.

सोमवारी मोठ्या बाईंनी पानं उलटली, पुन्हा उलटली. चित्रकलेच्या पुस्तकात एकही चित्र नाही, वरचे लोक हसतील, त्या म्हणाल्या. पहिली प्रत पाठवली तर तास नक्की राहतो, ही पाठवली तर सांगता येत नाही; हे कळतंय ना तुम्हाला? खळबाईंना कळत होतं. तासच गेला तर आपल्या तत्त्वाचं लोणचं घालायचं काय, हा विचार त्यांनी रात्रभर केला होता.

"तोच वर्ग द्या, त्याच बाईला द्या," त्या म्हणाल्या. "मी आत जाणार नाही. तास झाल्यावर तुम्ही बघा. तुम्ही म्हणाल ती प्रत जाईल."

जोडतास होता. खळबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. आतून आधी नव्या बाईचा आवाज आला, प्रश्न विचारत होती. मग एकदम चाळीस पोरांचा कल्ला, प्रत्येकाचा मासा दुसरीकडे निघालेला. मग कल्ला ओसरला आणि नुसती खडूंची खरखर राहिली. दुसऱ्या तासाला मोठ्या बाई आत गेल्या. बऱ्याच वेळाने दार उघडून त्यांनी खळबाईंना खुणेने बोलावलं.

नवी बाई टेबलाला दोन्ही हातांनी धरून उभी होती. तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं, असं तिने हळूच सांगितलं. बाकांवर नजर टाकली तर कोणाचा मासा कागदात मावेना म्हणून नुसता डोळा आणि गाल होता. कोणाचा मासा पाठमोरा. एकाचा इतका लहान की निळ्या रंगात शोधावा लागे, आणि तो तसा का, तर त्याला कोणाला भेटायचंच नव्हतं. चारपाच चित्रं चक्क बिघडली होती. मोठ्या बाई त्या बिघडलेल्यांपैकीच एकाशी वाकून उभ्या होत्या आणि त्या पोराला विचारत होत्या, मग पुढे काय झालं? सरळ होत त्या खळबाईंना म्हणाल्या, "हीच पाठवू. हसले तर मी बघून घेईन." खळबाईंचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरच्या मुलीने त्यांचा पदर ओढला.

"तो आधीचा मासा कोणी काढला होता?"

"मी," खळबाई म्हणाल्या. या वर्गात हे त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं.

"छान होता," मुलगी म्हणाली. मग विचार करून तिने विचारलं, "पण तो कुठे चालला होता?"

बाईंनी खवले मोजले होते, बुडबुडे मोजले होते, सहीसुद्धा केली होती. हे मात्र त्यांनी माशाला विचारलंच नव्हतं. तसं त्यांनी खरंखरं सांगून टाकलं. मुलीला त्यांची दया आली असावी. ती बाकावर आत सरकली, एक कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि आपला केशरी खडू मोडून अर्धा त्यांना दिला.

खळबाई बसल्या. गुडघे बाकाला आपटत होते, आणि मासा निघाला तो वाकडाच निघाला, पण कुठे तरी निघाला होता खरा. मध्येच त्यांनी सवयीने धास्तावून मान वर केली, कोणी आपलं बघून काढत तर नाही ना. चाळीस पोरांच्या माना आपापल्या कागदांवर वाकलेल्या होत्या. एकानेही त्यांच्याकडे पाहिलं नाही. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी शेजारणीकडे निळा रंग मागितला, आणि शेजारीण म्हणाली, थांबा, माझं होऊ दे.