आत्याच्या मनगटावरचा रंग

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. आत्याला कळलं तर म्हणेल, "माझ्या हातांची जाहिरात करायला कोणी सांगितलं होतं तुला, कार्टे?" पण आत्ताच तिच्या घरून आलेय, बूटसुद्धा काढले नाहीयेत. आज नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही. चुका काढू नका.

या ग्रुपवरच्या तुम्ही बऱ्याच जणी तिला ओळखता. चौकातलं पार्लर, अगदी आतलं बेसिन, जांभळा एप्रन, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. तुम्हीच तिचं नाव झोपताई ठेवलंत, कारण तिने डोकं धुवायला घेतलं की मान मागे टाकल्या टाकल्या डोळे मिटायचे. एकदा एक बँकवाल्या मॅडम चक्क घोरायला लागल्या. सगळ्या फिदीफिदी हसत होत्या. आत्याने नळ बारीक केला आणि कुजबुजली, "गप्प बसा गं. घरी कोण झोपू देतं तिला?"

तर ही माझी आत्या. आणि आता तिच्या हातांचं सांगते.

केसांना रंग लावायच्या आधी थेंबभर रंग गिऱ्हाइकाच्या कानामागे लावून दोनेक दिवस वाट बघायची असते. सोसला तरच डोक्याला लावायचा. डब्यावर लिहिलेलं असतं. पण दोन दिवस थांबणार कोण? "अगं, संध्याकाळी जायचंय मला, लाव पटकन!" मग आत्याने स्वतःची युक्ती काढली. नवा डबा उघडला की पहिला ठिपका स्वतःच्या मनगटावर. दुसऱ्या दिवशी बाहेर येऊन मनगट दाखवायची, "बघा, मला झालं का काही? मग तुम्हाला कशाला होतंय!" आणि सगळ्या खूश. मालकीणबाई तर गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायच्या, आमची झोपताई आधी स्वतः चाखून बघते.

किती वर्षं चाललं हे! मग एक दिवस तोच ठिपका लाल झाला. खाज सुटली. मग बोटांच्या बेचक्यात बारीक फोड, मग भेगा. हातमोजे घातले तर आत घाम यायचा, आग आग व्हायची. वर गिऱ्हाइकं कुरकुरायची, "रबर नको गं बाई, तुझी बोटं हवीत."

मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. "सगळ्यावर चालते, ताई." आणि चालली! आठवड्यात हात कसे गुळगुळीत. आत्या परत बेसिनपाशी. ट्यूब बंद केली की खाज दुप्पट. परत ट्यूब. असं करत करत कातडी इतकी पातळ झाली की बरणीचं झाकण उघडताना फाटायची.

आणि मग ती बाई. डोकं धुताना तिने मध्येच डोळे उघडले, डोळ्यांसमोर आत्याची बोटं, भेगेतून रक्त आलेलं. "ई! हिला काय झालंय? माझ्या डोक्याला लागण झाली म्हणजे?" ओल्या केसांनी उठून उभी राहिली. मालकीणबाई हळूच म्हणाल्या, "थोडे दिवस घरी राहा." त्यानंतर त्यांचा फोन नाही.

मी तिला ओढत त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाठीवर चौकोनी पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येकीत वेगळं रसायन. काढल्या तेव्हा एकाच पट्टीखाली लालभडक, फोड आलेले. केसांच्या काळ्या रंगातलं रसायन.

"स्वतःवर लावून बघायचात?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, तुम्हाला सोसतं म्हणून दुसरीला सोसेल असं नसतं. आणि पुन्हा पुन्हा लावून तुमचं अंगच त्याच्यावर उलटलं."

म्हणजे इतकी वर्षं ठिपका लावून उपयोग कोणालाच नव्हता. आत्याचा चेहरा बघवत नव्हता.

"लागण होते का याची?" तिने एवढंच विचारलं.

"मुळीच नाही. हात बरे होतील, वेळ लागेल. ती ट्यूब आम्ही सांगू तशी हळूहळू बंद करायची. पण रंगाला पुन्हा हात लावायचा नाही. कधीच नाही. शाम्पूचं ओलं कामही नको."

"म्हणजे हात बरे होणार आणि मी बाद," आत्या म्हणाली. हसली पण.

आज गेले तर तिने दोन्ही हात पुढे केले. "बघ, कसे झालेत!" गुलाबी, चकचकीत. आतल्या शिरा दिसत होत्या, कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी. फळीवर मेडिकलवाल्याची तीच ट्यूब, नवीकोरी.

"सोमवारपासून जाणारे. गावाच्या पार त्या टोकाला पार्लर आहे, तिथे ओळखत नाही कोणी. रंगाला आणि डोकं धुवायला बाई हवीये."

"आत्या, डॉक्टर काय म्हणाल्या?"

"त्यांचं काय जातंय बोलायला? मी घरात बसून काय भिंतींची डोकी धुऊ?"

"दुसरं काहीतरी कर ना."

"काय करू? तू शिकतेस ना कॉलेजात, तू सांग."

मला रडायला आलं, तर म्हणाली, "रडू नकोस, नाक लाल होतं तुझं." मग चहा केला. कप माझ्या हातात दिला नाही. स्टुलावर ठेवला आणि मागे सरकली. लागण होत नाही हे तिला माहितीये, पण ती "ई" डोक्यातून जात नाही.

निघताना म्हणाली, "माझ्या हाताखाली माणसं झोपायची गं. एकीने तरी विचारलं का, झोपताई कुठे गेली?"

माझं ती ऐकणार नाही, मी तिच्यासाठी अजून फ्रॉकमधलीच आहे. गिऱ्हाइकांचं ऐकते, आयुष्यभर तेवढंच तर केलंय. म्हणून तुम्हाला सांगतेय. जा तिच्याकडे, सोमवारच्या आत. तिथे जाऊन काय बोलायचं ते मला माहीत नाही. चहा मागा. कप स्टुलावर ठेवायला लागली तर ठेवू देऊ नका, तिच्या हातातून घ्या. आणि तिचा हात धरा. फक्त घट्ट नको, कातडी फाटते.