बाळंतिणीखालची सहा पोती

“आमच्या घरी, बाळकुमला, पेंढ्याच्या उडवीखाली सहा पोती भात लपवलेलं आहे,” असं माझा धाकटा दीर विश्वनाथ भर सभेत म्हणाला, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या पुरवठा इन्स्पेक्टरांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला.

मी बायकांच्या बाकावर होते. मला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, भाषण फार चांगलं झालं होतं. दोन, आम्ही मेलो होतो.

दोष माझाच. विश्वनाथ मुंबईला कॉलेजात होता, आमच्या घरातला पहिलाच. ठाण्याच्या एका वाचनालयाने कॉलेजच्या मुलांची वादसभा ठेवली होती : धान्यावरचा कंट्रोल ठेवावा की उठवावा? पहिला येईल त्याला दिल्लीला पाठवणार होते, देशभरच्या विद्यार्थ्यांच्या परिषदेला. सुट्टीला घरी आला की मी भात कांडायची आणि तो समोर उभा राहून भाषण म्हणायचा. व्यक्तिस्वातंत्र्य, सरकारची मर्यादा, मुक्त व्यापार. माझं शिक्षण चौथी.

“भावजी, हे ऐकून आपली म्हैस झोपली,” मी म्हटलं. “घरातलं काहीतरी सांगा.”

“घरातलं काय सांगू?”

“आपण पिकवलेलं आपल्याच घरात चोरासारखं ठेवावं लागतं, ते सांगा की.”

वाचनालयाचा नियमही तसाच होता. भाषणातला दाखला खरा आणि स्वतः पाहिलेला हवा, बनवलेला निघाला तर नाव बाद. (पण तो गावाच्या नावासकट सांगेल हे मला काय माहीत?)

तेव्हा भात पिकलं की सरकारला ठरलेली लेव्ही घालावी लागे. उरलेलं किती ठेवायचं तेही सरकार सांगे. लग्नात किती माणसं जेवायला बसवायची, त्यालासुद्धा कायदा. आणि आमच्याकडे माझ्या नणंदेचं, यमुनाचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. तिच्या सासरची माणसं मोहने गावची, खाणारी. ती सहा पोती गेली असती तर वऱ्हाडापुढे काय, पेंढा वाढायचा?

तर सभा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इन्स्पेक्टरांनीही वाजवल्या. सगळ्यांना वाटलं, मुलाने सभा रंगवायला ठोकून दिलंय. इन्स्पेक्टर हसत म्हणाले, “काय रे, खरंच आहे का भात?”

इथे विश्वनाथ ‘नाही’ म्हणाला असता तर गोष्ट संपली असती. पण टाळ्या डोक्यात गेलेल्या.

“येऊन बघा, साहेब.”

काहीतरी करायला हवं म्हणून मी बाकावर उभी राहिले आणि ओरडले, “येऊ नका हो! उडवीखाली आता काही नाही. उंदीर लागले म्हणून कालच सगळं माजघरात हलवलंय.”

इन्स्पेक्टरांचं हसू गेलं.

“उद्या सकाळी येतो,” ते म्हणाले.

विश्वनाथ पहिला आला. दिल्लीचं पत्र खिशात घालून तो माझ्याबरोबर बाळकुमपर्यंत चालत आला. घरी सासूबाईंना आम्ही अर्धीच गोष्ट सांगितली : भावजी भाषणात बोलून गेले आणि इन्स्पेक्टर येणार. मी बाकावर उभी राहिले तेवढं मी गाळलं.

सासूबाईंनी पदर खोचला. माझे यजमान मिठागरावर होते, त्यामुळे घरात हुकूम सासूबाईंचाच.

“बालंतीण कर हिला,” त्या यमुनाला म्हणाल्या.

“कोणाला?” मी विचारलं.

“तुला. बालंतिणीच्या खोलीत परका बाप्या येल का? नाय येनार. पोती आंथर खाली, वर गोधडी, वर तू.”

“आये, हे फसवणं झालं,” विश्वनाथ म्हणाला. “मी तत्त्वासाठी—”

“तुझा तत्त्व गेला चुलीत. बईनीचा लगीन हाय.”

सकाळी मी सहा पोत्यांवर पडले. वैशाखाची काहिली, डोक्याला फडकं बांधलेलं, अंगावर घोंगडी, पलंगाखाली (म्हणजे पोत्यांना टेकून) ओव्याची धुरी. उशाशी विळा. कुशीत दुपट्यात गुंडाळलेला वरवंटा. बारशाला पाळण्यात वरवंटा घालतातच, तेव्हा त्याला सवय होती. मला नव्हती. भाताचं कूस गोधडीतून वर येऊन टोचत होतं.

इन्स्पेक्टर आले. सासूबाई उंबऱ्यात आडव्या बसल्या.

“आत जाता येनार नाय, सायेब. बालंतीण हाय.”

“कधी झाली?”

“काल सांजचे.”

इन्स्पेक्टरांनी बाहेरूनच वाकून पाहिलं. “काल दुपारी सभेत बाकावर उभी राहून बोलली ती हीच ना?”

सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. तशी नजर मी पुन्हा कधी पाहिली नाही, आणि पाहायची इच्छाही नाही. पण बाई खंबीर.

“हीच. तेचाच तर ताण आला न् झाली.”

“मूल रडत नाही ते?”

“शांत हाय. बापासावर गेलाय.”

इन्स्पेक्टर ओसरीवर टेकले. पाणी प्यायले. मग भिंतीकडे बघत म्हणाले, “आजी, ही लग्नपत्रिका तुमच्याच घरची ना? येत्या सोमवारची?”

“होय.”

“मग घरात मूल झालं म्हणजे दहा दिवस सोयर. सोमवारी लग्न कसं लावणार? मोहन्याला कळवलंत का?”

सासूबाईंनी खोचलेला पदर सोडला आणि पुन्हा खोचला. बाळ खरं म्हणावं तर लग्न मोडतं, खोटं म्हणावं तर भात जातं. आत चुलीपाशी यमुना रडायला लागली.

अंगणातून विश्वनाथ पुढे आला. “साहेब, भात—”

“थांब,” इन्स्पेक्टर म्हणाले. “आधी ऐक. तुझा दाखला खरा असेल तर मला आत जावं लागेल. बनवलेला होता असं लिहून देशील, तर आत जायला मला कारण नाही. बाळ झालं की नाही, तेही मला लिहायला नको. पण तो कागद वाचनालयातही जाईल.”

विश्वनाथने खिशातलं दिल्लीचं पत्र चाचपलं. यमुनाचं मुसमुसणं ऐकू येत होतं. मग त्याने टाक मागितला. ‘माझ्या सभेतल्या भाषणातील दाखला कल्पित होता. आमच्या घरी लपवलेले भात नाही.’ खाली सही. अक्षर सुरेख होतं त्याचं.

मला ते बघवेना. “भावजी, नका हो देऊ,” म्हणत मी ताडकन उठून बसले. बाळ कुशीतून घरंगळलं आणि जमिनीवर धाडकन आपटलं.

इन्स्पेक्टरांनी कागदाची घडी घातली, चप्पल पायात सरकवली आणि म्हणाले, “बाळाला जपा.”

लग्न सोमवारी झालं. कायद्यापेक्षा चौपट पानं उठली. इन्स्पेक्टर जेवायला आले नाहीत, पण शिपायाबरोबर त्यांनी एक टोपडं पाठवलं. माझ्या खऱ्या मुलाला ते चार वर्षांनी घातलं.

दिल्लीला दुसरा आलेला मुलगा गेला, कंट्रोल हवा म्हणणारा. पुढे कंट्रोल उठला, तेव्हा विश्वनाथ वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघरात आला. “वहिनी, मी म्हणत होतो तेच झालं की नाही?” मी म्हटलं, “झालं. पण तुम्ही दिल्लीत नव्हता, म्हणून उशिरा झालं.” तो बराच वेळ हसला. जन्मभर मास्तरकी केली, दिल्ली काही पाहिली नाही.

आमच्या खाचरांवर आता उंच इमारती आहेत, आणि त्यातल्याच एकीत नवव्या मजल्यावर मी राहते. सासूबाई गेल्या, यमुना गेली, विश्वनाथ गेला. इन्स्पेक्टरही कधीच गेले असतील. वरवंटा माझ्या ओट्याखाली आहे, एका टोकाला टवका गेलेला.

बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.