थंड झाल्यावर सरळ

कारखान्यात मला सगळे 'वीस डिग्री' म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण आमच्याकडे पाठीमागचं बोलणं पुढच्याला नीट ऐकू जाईल अशाच आवाजात करायची पद्धत आहे. मी मोजमापाच्या खोलीचा प्रमुख. आत ग्रॅनाइटचं टेबल, जाड काचेचं दार आणि बारा महिने वीस अंश तापमान. वीस म्हणजे वीस. बाहेरून आलेला लोखंडाचा तुकडा माझ्या खोलीत एक रात्र मुक्काम करणार आणि मगच मापाला बसणार. तापलेलं लोखंड फुगतं आणि फुगलेल्याचं माप खोटं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. एकतीस वर्षं मी हा नियम पाळला आणि त्याचा मला भारी अभिमान होता. होता असंच म्हणतोय.

पण सांगायचंय ते डिस्कबाईंबद्दल. बसच्या ब्रेकच्या डिस्क, म्हणजे दोन्हीकडून पॅडने आवळायच्या लोखंडी तबकड्या, त्यांनी डिझाइन केलेल्या, म्हणून हे नाव. वय सेहेचाळीस, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, राग कायम नाकावर. ड्रॉइंगमध्ये चूक सापडली की कागदालाच झापायच्या. वडील गेले तेव्हा त्या शाळेत होत्या. मोठ्या भावाने शिक्षण सोडून स्टिअरिंग हातात घेतलं आणि बहिणीला इंजिनियर केलं. तो अजून बस चालवत होता, तीही डोंगरातल्या रस्त्यावर, आणि त्याच्या बसला डिस्क होती ती बहिणीचीच. नवा प्रवासी दिसला की हा पठ्ठ्या सांगणार, "ब्रेक आमच्या घरचा आहे, निवांत बसा."

त्याच दादाने तक्रारवहीत लिहिलं, की उतारावर सहासात वळणं झाली की ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं, गाडी एका बाजूला ओढते. एकदा नाही, चारदा लिहिलं. चारही वेळा डेपोने डिस्क काढून आमच्याकडे पाठवली. मी तिला रात्रभर मुक्कामाला ठेवलं, सकाळी मोजलं. अठरा मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी वाकडेपणा. मी शिक्का मारला: सरळ, दोष नाही. चार शिक्के, चार सह्या, सगळं माझं.

डिस्क सरळ, मग चूक कोणाची? चालकाची. उतारभर ब्रेकवर पाय ठेवून गाडी आणतो, असं ठरलं आणि दादाची चौकशी लागली. त्याला गाडीवरून उतरवायचं चाललं होतं. तारीख तीन आठवड्यांवर होती.

तारीख कळली त्या दिवशी बाई ट्रॉली ढकलत माझ्या दाराशी आल्या. ट्रॉलीवर डिस्क, लांबूनच झळ लागत होती.

"दार उघडा," त्या म्हणाल्या.

"किती गरम आहे?"

"चारशेच्या आसपास."

"मग उद्या या."

"अहो, उद्या ती सरळ होते. तेच तर सांगतेय."

"सरळ होते म्हणजे सरळ आहे."

"ताप उतरल्यावर थर्मामीटर लावायचा आणि माणूस ठणठणीत आहे म्हणायचं, असं चाललंय तुमचं."

"नियम मी केलेला नाही, बाई."

हे मी धडधडीत खोटं बोललो. दारावरची पाटी माझ्याच हस्ताक्षरात आहे. त्यांनी ती वाचली, माझ्याकडे बघितलं आणि ट्रॉली वळवली. मला वाटलं, सुटलो.

नंतर कळलं की बाईंनी टेस्ट बेंचजवळच तळ ठोकलाय. तिथे मोटरने डिस्क फिरवतात, ब्रेक लावतात, पार लाल होईपर्यंत तापवतात. बाई त्या तापलेल्या डिस्कला डायल लावून बघत होत्या. डायल म्हणजे घड्याळासारखं मापाचं यंत्र, नाजूक, विस्तवाशी खेळायला बनवलेलं नाही. पहिल्याची काच तडकली. दुसऱ्याचं तेल जळून काटा जाम झाला. तिसरा देताना स्टोअरवाल्याने त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतला, वर विचारलं, "घरून आणता नाही का येत?" साहेबांकडे गेल्या तर साहेब म्हणाले, मोजमापाच्या शिक्क्याशिवाय आकडा म्हणजे गप्पा. तीन आठवड्यांतले सोळा दिवस असे गेले. जेवणाच्या सुट्टीत त्या डबा न उघडता बसायच्या. एकदा मी सहज म्हणालो, "खाऊन घ्या." त्या म्हणाल्या, "तुम्ही माझ्याशी बोलू नका."

सतराव्या दिवशी त्यांचा निरोप आला, या आणि बघा. मी गेलो, खरं सांगायचं तर त्यांची चूक काढायला गेलो. त्यांनी डायलला सिरॅमिकची हातभर लांब दांडी जोडली होती, म्हणजे डायल लांब राहील आणि दांडी तेवढी डिस्कला टेकेल. डिस्क तापायला लागली आणि काटा हलला. शंभर, दोनशे, साडेतीनशे मायक्रॉन. पॅड जिथे घासतात ते बाहेरचं कडं तापून फुगत होतं, पण चाकाला बोल्टने बसणारी मधली टोपी गारच होती आणि तिने कड्याला एकाच बाजूने धरून ठेवलं होतं. मोकळं फुगता येईना, म्हणून अख्खं कडं बशीसारखं कलत होतं. कललं की पॅड एकाच काठाला घासणार, तिथे आणखी तापणार, आणि स्टिअरिंग थरथरणार.

मोटर बंद केली. डिस्क निवत गेली तसा काटा मागे आला आणि शेवटी अठरावर थांबला. माझाच अठरा. चार वेळा मी रात्रभर वाट बघून पुरावा पुसून टाकला होता आणि वर शिक्का मारला होता.

मी खोलीतून शिक्का मागवला आणि तिथेच, त्या भट्टीसारख्या उकाड्यात, कागदावर उठवला. कारणाच्या रकान्यात बाईंनी लिहिलं: रचनेतली चूक.

"खाली तुमचं नाव येणार," मी म्हणालो.

"डिस्क माझी आहे. मग काय तुमचं येईल?"

चौकशीच्या दिवशी आम्ही दोघं डेपोत गेलो. अधिकाऱ्याने कागद हातातही घेतला नाही. प्रकरण मिटलं होतं. आदल्या दिवशीच चालकाने लिहून दिलं होतं: मी ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी उतरवत होतो, चूक माझी.

दादा चालकांच्या खोलीत बाकावर बसला होता. बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"कोणी सांगितलं होतं तुला शहाणपण करायला?"

"बस आधी," तो म्हणाला. "तुझ्या आकड्याची कुणकुण लागली तसे डेपोत सगळे तुझ्या डिस्कला नावं ठेवायला लागले होते, चिमणे. माझी चार वर्षं उरलीत. तुझी चांगली चौदा आहेत."

"मी तीन आठवडे ऊर फोडून आकडा काढला."

"माहीत आहे. म्हणूनच लिहून दिलं."

"दादा, एकशे चाळीस गाड्या त्याच डिस्कवर डोंगर उतरतायत. आत बसलेल्या माणसांना तुझ्या मायेचं काय करायचंय?"

त्याने टोपी डोक्यावर चढवली. मग उठला, अधिकाऱ्याकडे गेला आणि कालचा कागद परत मागितला. सही झालेला कागद परत मिळत नसतो, असं उत्तर मिळालं. मग त्याने कोरा कागद मागून घेतला आणि उभ्याउभ्याच लिहिलं: काल मी खोटं लिहिलं. गाडी थरथरते.

डिस्क बदलायचा हुकूम निघाला. आणि खोटा जबाब दिला म्हणून दादाला कायमचं गाडीवरून उतरवून प्रवाशांच्या चौकशीच्या खिडकीत बसवलं. बाई पाच कार्यालयं फिरल्या, भांडल्या, एका ठिकाणी टेबलावर हात आपटून आल्या. मीही सोबत गेलो. सगळीकडे एकच उत्तर, नियम आहे.

नवी डिस्क बनायला आठ महिने लागले. टोपी आता कड्याला दुसऱ्या बाजूने जोडली, मानेपाशी एक खाच दिली, त्यामुळे कडं फुगलं तरी सरळच फुगतं. तापलेली असताना मोजली, माझ्याच हाताने. पंचावन्न मायक्रॉन. बाईंना जागेवरून हलवलं नाही, पण बढती त्यांच्या हाताखालच्याला मिळाली.

पहिली डिस्क लागली ती दादाच्याच जुन्या गाडीला. आम्ही तिघं मागच्या बाकावर बसून तो उतार उतरलो. सहावं वळण गेलं, सातवं, आठवं. गाडी कुठेच ओढत नव्हती, खिडकीची काचही वाजत नव्हती. बाईंनी दादाकडे वळून विचारलं, "कशी आहे रे?"

दादा बाहेर बघत होता. "मला काय विचारतेस," तो म्हणाला. "ब्रेक स्टिअरिंगवरच्या हाताला कळतो. जो चालवतोय त्याला विचार."