माझ्या मोबाइलला पहिला मान

हे मी घरीही कधी बोललो नाही. किन्हीराजाच्या उत्तमरावांकडे नेट अडखळायचं, त्याचं कारण मीच होतो. आणि बरेच दिवस ते मलाच कळत नव्हतं.

मी मालेगावात ब्रॉडबँडची जोडणी करतो. उत्तमरावांची भाजीची वाडी आहे. चोरीपायी त्यांनी कॅमेरे लावलेले, दिवसरात्र नेटवरून व्हिडिओ पाठवणारे. त्यांची मुलगी प्रणाली हिचा नोकरीसाठी ऑनलाइन इंटरव्ह्यू ठरला होता.

"काका, माहा आवाज तिकडं उशिरा जाऊन राह्यला," ती म्हणाली.

मी माझ्या मोबाइलवर वेगाची टेस्ट केली. झकास. केबल बदलली, राउटरची जागा बदलली. पुन्हा टेस्ट. झकास! मला काही सुधरेना.

"तुयाच मोबाइलवर सारं गोड दिसते," उत्तमराव म्हणाले. "नेट आमचं हाय का तुयं?"

मी हसलो. प्रणालीचा लॅपटॉप जुना आहे म्हणालो.

इंटरव्ह्यूच्या दिवशी त्यांनी मला बसवून घेतलं. दाराबाहेर ऐकू येत होतं. प्रणाली बोलायला लागली, की पलीकडचे साहेबही बोलायला लागत. दोघं थांबत. पुन्हा दोघं एकदम. शेवटी साहेब म्हणाले, "जरा समोरच्याला बोलू देत जा."

ती बाहेर आली. दोष नेटचा का आपला, ते बघायला माझ्याच मोबाइलवरून तिनं मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला. वाय-फाय तेच, आवाज मात्र खणखणीत. तेव्हा मला आठवलं.

वेग वेगळा, उशीर वेगळा. रिसोडच्या मार्केटच्या गेटवर सोयाबीनचे ट्रॅक्टर लागले, की कोथिंबिरीची एक जुडी घेऊन आलेला मोटारसायकलवालाही मागं अडकतो. इथं कॅमेऱ्यांचे ट्रॅक्टर पुढं, प्रणालीचा आवाज मागं. कोणाला आधी सोडायचं ते राउटरमध्ये ठरवता येतं. आम्ही त्याला ट्रॅफिक शेपिंग म्हणतो. जोडणीच्या दिवशी टेस्ट चांगली दिसली, की ग्राहक लगेच सही करतो. म्हणून मी माझा मोबाइल सगळ्यांच्या पुढं ठेवला होता. काढायचा विसरलो.

गुपचूप तो काढला, लॅपटॉप पुढं केला. "लाइन चांगली आहे," म्हणालो.

"म्हंजे पोरी, तूच घाई केली," उत्तमराव म्हणाले.

मी चहा पीत राहिलो.

आता मी टेस्ट ग्राहकाच्याच यंत्रावर करतो. परवा प्रणाली बसस्टँडवर भेटली. कुठं निघालीस, विचारलं. ती आधी थांबली, माझं बोलणं संपल्याची खात्री केली, मग बोलली.

चूक तुझी नव्हती, माझी होती. एवढंच तिला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.